विमानाच्या धुराचा हिशेब कोण मांडणार?

हवामान बदल रोखण्यासाठीच्या १९९७च्या क्योटो कराराने आंतरराष्ट्रीय उड्डाणांचा धूर, म्हणजे पृथ्वी तापवणारा कार्बन डायऑक्साइड, कुठल्याच देशाच्या खात्यावर टाकला नाही. तो विषय ‘इकाओ’ या संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संघटनेकडे सोपवला. धुराला धनीच नाही म्हटल्यावर प्रवाशाला त्याचा आकडा कोण सांगणार?

२००७ मध्ये ब्रिटनच्या फ्लायबी कंपनीने फ्रिजवर असतं तसं रंगीत पट्ट्यांचं लेबल आपल्या विमानांसाठी काढलं. पाऊल चांगलं होतं, पण परीक्षा देणारी आणि गुण देणारी कंपनी एकच! पुढच्या वर्षी इकाओने कार्बन कॅल्क्युलेटर आणला. विमानाचा प्रकार आणि अंतर यांवरून इंधन काढायचं, विमानाच्या पोटातल्या मालाचा वाटा वजा करायचा, उरलेलं सरासरी भरलेल्या जागांत वाटायचं. बिझनेस क्लासची खुर्ची जास्त जागा अडवते, म्हणून तिच्या नावावर जास्त धूर. यातले बरेचसे आकडे गृहीत धरलेले. त्यामुळेच एकाच प्रवासाचे दोन ठिकाणी दोन आकडे दिसतात.

२०२१ मध्ये गूगलने तिकीट शोधतानाच हा आकडा दाखवायला सुरुवात केली. मात्र विमानामागे उमटणाऱ्या पांढऱ्या शेपट्यांचा परिणाम वर्षभरातच हिशेबातून काढला, आणि त्यावर टीका झाली. ती रास्तच होती. या शेपट्याही पृथ्वी तापवतात, आणि त्यांचा वाटा मोठा आहे.

दरम्यान ‘हरित’ प्रवासाच्या जाहिराती बोकाळल्या. मार्च २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने केएलएम या डच विमान कंपनीच्या अशा जाहिरातींतले बरेच दावे दिशाभूल करणारे ठरवले.

युरोपीय संघाने २०२३च्या विमान इंधन कायद्यातच उड्डाणांच्या धुराचा आकडा सांगणाऱ्या लेबलची तरतूद केली होती. तपशीलवार नियम डिसेंबर २०२४ मध्ये आले. लेबल देण्याचं काम युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेकडे, ‘इयासा’कडे आहे. लेबलवर दोन आकडे असतात: दर प्रवाशामागे किती किलो धूर आणि दर प्रवासी-किलोमीटरमागे किती ग्रॅम. कंपनीने प्रत्यक्षात जाळलेलं इंधन आणि नेलेले प्रवासी यांच्या नोंदींवरून ते काढतात. मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. योजना ऐच्छिक आहे. पण तिच्या कक्षेतल्या उड्डाणांची पर्यावरणीय कामगिरी मिरवायची असेल, तर कंपनीला हेच लेबल वापरावं लागतं.

पांढऱ्या शेपट्या याही हिशेबात नाहीत. लेबल सक्तीचं करायचं का, याचा आढावा युरोपीय आयोगाने १ जुलै २०२७ पर्यंत घ्यायचा आहे.