फाइली त्याच, पण इमेज ती नव्हे

"डीव्हीडीतल्या सगळ्या फाइली कॉपी करून ठेवल्यात. आयएसओ काय, लागेल तेव्हा परत बनवू." हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण तोवर मूळ डिस्क बहुतेक वेळा कचऱ्यात गेलेली असते.

फाइली कॉपी करणं सगळ्यांना येतं, त्यावर वेळ घालवत नाही. इमेज, म्हणजेच आयएसओ फाइल, ही अख्ख्या डिस्कची प्रत: पहिल्या सेक्टरपासून (डिस्कवरच्या डेटाचा छोटा कप्पा) शेवटच्यापर्यंत २०४८ बाइटचा एकेक सेक्टर, आहे त्याच क्रमाने उतरवलेला. उघडून पाहिलं तर दोन्हीकडे तीच फोल्डरं आणि त्याच फाइली दिसतात. आकारही उन्नीस-बीस. गोंधळ होतो तो इथेच.

फाइलीत फक्त मजकूर असतो. ती कितव्या सेक्टरवर सुरू होते, तिच्या आधी कुठली फाइल होती, मध्ये किती सेक्टर मोकळे सोडले होते, हे तिच्यात कुठेच लिहिलेलं नसतं. ते असतं डिस्कच्या फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याच्या नोंदवहीत, आणि कॉपी करताना नेमकं तेच मागे राहतं. आयएसओ ९६६० (सीडी-डीव्हीडीची जुनी, प्रमाणित फाइल सिस्टिम) असलेली कुठलीही इमेज हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडा आणि शून्यापासून मोजून सोळाव्या सेक्टरवर जा. 'सीडी००१' ही अक्षरं दिसतील. त्याच सेक्टरमध्ये थोडं पुढे इमेज तयार झाल्याची तारीख आणि वेळ असते, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. तुम्ही त्याच फाइलींपासून आज इमेज बनवली की तिथे आजची वेळ बसते. एवढ्या फरकानेही एसएचए-२५६ हॅश, म्हणजे सगळ्या डेटावरून काढलेला ठसा, पूर्ण बदलतो. शिवाय बनवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव, फाइलींचा क्रम आणि शेवटी भरलेली रिकामी जागा वेगळी असते. मेकआयएसओएफएस हा आयएसओ बनवणारा प्रोग्रॅम तर आपणहून शेवटी १५० रिकामे सेक्टर जोडतो. डीव्हीडी-व्हिडिओत आयएसओ ९६६० आणि यूडीएफ या दोन फाइल सिस्टिमची दोन वर्णनं एकाच डेटाकडे बोट दाखवतात, म्हणजे फरक पडायच्या जागा आणखी वाढल्या.

यावर हमखास उत्तर येतं: "झोरिसोला (आयएसओ बनवणारा आणखी एक प्रोग्रॅम) ठरावीक वेळ दिली की दरवेळी हुबेहूब तीच इमेज मिळते." मिळते, बरोबर आहे. पण ती *तुमच्या* आधीच्या इमेजशी जुळते, मूळ डिस्कशी नाही. या दोन गोष्टी एक समजणं ही मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक आहे. मूळ इमेज परत हवी असेल तर तेव्हाचा प्रोग्रॅम, त्याची आवृत्ती, सगळे पर्याय, फाइलींचा क्रम आणि वेळा, हे सगळं हाताशी लागतं. कारखान्यात छापलेल्या डिस्कबद्दल हे आपल्याला कुठून कळणार?

आता उलटी गफलत. आयएसओ डिस्कवर बर्न केली, परत वाचली, हॅश जुळला नाही आणि "बर्न खराब" म्हणून डिस्क फेकली. अहो, थांबा! डीव्हीडीवर त्रुटीदुरुस्तीचा एक गठ्ठा १६ सेक्टरांचा असतो आणि शेवटचा गठ्ठा पुरा करायला शून्यं भरली जातात. परत वाचताना तीही येतात. आयएसओसाइझ या कमांडने फाइल सिस्टिमचे सेक्टर मोजा, तेवढेच वाचा आणि मग हॅश काढा. तरीही जुळलं नाही तर मात्र बर्नवर शंका घ्या.

ओरखडे असलेल्या डिस्कसाठी मी खराब डिस्क वाचवणारा डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅमच वापरतो, मॅप फाइलसकट (कुठले सेक्टर वाचले, कुठले राहिले याची नोंद). डीडी या साध्या कॉपी कमांडला नुसतं 'नोएरर' (चूक आली तरी थांबू नकोस) देऊन 'सिंक' (न वाचलेल्या जागी शून्यं भर) विसरलात तर न वाचलेला भाग गळतो आणि पुढचा सगळा डेटा वर सरकतो. फाइल सिस्टिममधले सेक्टर क्रमांक मग भलतीकडेच बोट दाखवतात.

म्हणून आधी इमेज, लगेच तिचा हॅश, आणि फाइली हव्या असतील तर त्या इमेजमधूनच काढायच्या. उलटा रस्ता नाही. ज्यांच्याकडे आज फक्त फाइली उरल्यात त्यांनी त्या फाइलींचेच हॅश जपावेत, आणि आयएसओ बनवलीच तर तिच्या नावात 'पुनर्निर्मित' असं स्पष्ट लिहावं.