समकालीन वास्तववादी कथा : प्राथमिक वर्गातील वापर

आजच्या जगात खरोखर घडू शकेल अशी, पण लेखकाने रचलेली मुलांची गोष्ट म्हणजे समकालीन वास्तववादी कथा. तिच्यात ससा बोलत नाही आणि परी वर देत नाही. घरात नवे बाळ येते, बाबांची बदली होते, जिवलग मैत्रीण एके दिवशी दुसऱ्याच बाकावर जाऊन बसते, दवाखान्यात नेलेले आजोबा परत येत नाहीत. पहिली ते पाचवीच्या वर्गात अशा गोष्टी वाचून दाखवणे, मुलांच्या हाती देणे आणि त्यांवर गप्पा घडवून आणणे ही भाषाशिक्षणातील एक रुळलेली पद्धत आहे. अमेरिकेत शिक्षकांच्या आणि ग्रंथपालांच्या प्रशिक्षणात हा बालसाहित्याचा स्वतंत्र प्रकार मानून शिकवला जातो. मराठीत असे वेगळे नाव फारसे रूढ झालेले नाही, गोष्टी मात्र आहेत.

‘समकालीन’ हा शब्द जरा फसवा आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्यातले कोकण तेव्हाच आठवणीतले होते. आजच्या चौथीतल्या मुलाला ते पुस्तक इतिहासाइतकेच दूरचे वाटते. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे सायकल दामटत संकटातून सुटतो, तेव्हा ‘त्याने फोन का नाही केला?’ असा प्रश्न हमखास येतो. गोष्ट त्यामुळे वाईट ठरत नाही, पण ती या प्रकारातून बाहेर पडते. प्रकाशनाच्या सालापेक्षा ऐकणाऱ्या मुलाला हे जग आपले वाटते का, हीच खरी कसोटी.

उगम आणि विचार

या प्रकाराची गरज ठळकपणे पुढे आली ती कोणाच्या गोष्टी छापल्याच जात नाहीत या प्रश्नातून. १९६५ साली शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी अमेरिकेतील बालपुस्तकांवर एक लेख लिहिला. न्यूयॉर्कमधल्या पाच वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीने चित्रांचे पुस्तक पाहून विचारले होते, की यात नेहमी गोरीच मुले का असतात? लॅरिक यांनी तीन वर्षांत निघालेल्या ५,२०६ पुस्तकांची माहिती गोळा केली. कृष्णवर्णीय व्यक्ती मजकुरात किंवा चित्रात एकदा तरी दिसते अशी पुस्तके ६.७ टक्के निघाली. त्यांच्या आजच्या जगण्याची गोष्ट सांगणारी तर एक टक्काही नव्हती.

पुढे बालसाहित्याच्या अमेरिकी अभ्यासक रूडीन सिम्स बिशप यांनी १९६५ ते १९७९ या काळातील कृष्णवर्णीयांविषयीच्या १५० वास्तववादी बालपुस्तकांचा अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध केला. त्यांनी तीन गट पाडले : गोऱ्या वाचकाला कणव यावी म्हणून लिहिलेली पुस्तके, सगळे सारखेच म्हणत फरक पुसून टाकणारी पुस्तके, आणि त्या समाजाच्या आतून लिहिलेली पुस्तके. त्यांचीच १९९० सालची आरसे, खिडक्या आणि सरकत्या काचदारांची उपमा आज शिक्षकांच्या कार्यशाळांतून सर्वत्र फिरते. पुस्तकात स्वतःला पाहता येते, दुसऱ्याचे घर दिसते आणि कधी त्या घरात पाऊलही टाकता येते, असा तिचा आशय. उपमा सोपी असल्यामुळे ती लोकप्रिय झाली. निवडीच्या कामी मात्र ते तीन गट अधिक उपयोगी पडतात. वारली किंवा कातकरी मुलाची गोष्ट हाती आली, की ती कोणाला कणव यावी म्हणून लिहिली आहे, हे पाहण्याची सवय त्यांतून लागते.

मराठीतील परंपरा आणि तात्पर्याची सावली

मराठी बालवाङ्मयाच्या अगदी आरंभीच दोन वाटा फुटल्या आणि गंमत म्हणजे दोन्ही एकाच माणसाच्या हातून. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली इसापनीतीच्या कथा मराठीत आणल्या आणि त्याच वर्षी ‘बाळमित्र’चा पहिला भागही काढला. ‘बाळमित्र’चे मूळ बेर्कँ या फ्रेंच लेखकाचे. त्यात पऱ्या नव्हत्या, घरातली साधी मुले होती. त्याही गोष्टी उपदेशाच्याच होत्या, पण बोलणारे कोल्हे-कावळे सोडून मुलांकडे वळलेल्या. शाळेत टिकली ती इसापनीती, आणि तिच्यासोबत गोष्टीच्या शेवटी ‘तात्पर्य’ लिहिण्याची रीत.

त्या रीतीपासून लांब जाणाऱ्या अलीकडच्या लेखनात माधुरी पुरंदरे यांचे नाव आधी घ्यावे लागते. ‘राधाचं घर’ या त्यांच्या पुस्तकांत राधा आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते. कोणी कोणाला शिकवत नाही, तरी वाचणारे मूल आपल्या आजीची आणि राधाच्या आजीची तुलना करू लागते.

वर्गात

समजा, गोष्टीतल्या मुलीने मैत्रिणीचा नवा, वासाचा खोडरबर गुपचूप आपल्या दप्तरात टाकला आहे. बाई तिथे थांबतात. ‘यावरून आपल्याला काय बोध मिळतो?’ असे त्यांनी विचारले, की पाढे म्हणावेत तसा सूर लागतो : ‘चोरी करू नये!’ गोष्ट तिथेच संपली. ज्याच्या खिशात त्या क्षणी दुसऱ्याचा शार्पनर आहे, तोही सर्वांत मोठ्याने ओरडतो.

त्याऐवजी बाईंनी ‘घरी गेल्यावर तिने तो कुठे लपवला असेल?’ असे विचारले तर उत्तरे वेगवेगळी येतात. गादीखाली. उशीच्या अभ्र्यात. पावडरच्या डब्यामागे. एखादा म्हणतो, ‘लपवायला जागा कुठाय? आमची एकच खोली.’ आता मुले मुलीच्या बाजूने विचार करू लागली आहेत, तिला रात्री झोप लागली असेल का इथपर्यंत ती आपणहून येतात. अमेरिकी साहित्य-अभ्यासक लुईस रोझेनब्लॅट यांनी १९७८ साली वाचनाचे असेच दोन प्रकार सांगितले होते : वाचून झाल्यावर काय हाती लागेल यासाठी केलेले वाचन आणि वाचता वाचता अनुभव घेण्यासाठी केलेले वाचन. परीक्षेच्या धाकाने शाळा पहिल्याकडेच झुकते. वास्तववादी कथेचे मोल दुसऱ्यात आहे, म्हणून तिच्याखाली स्वाध्याय छापला की ती निम्मी मरते, असे म्हणायला हरकत नाही.

पद्धत म्हणून फार सामग्री लागत नाही. रोज पंधरा-वीस मिनिटे प्रकट वाचन, चित्रे सगळ्यांना दिसतील असे पुस्तक धरणे, दोन-तीन ठिकाणी थांबणे. मग पात्राला पत्र लिहिणे, एखादा प्रसंग करून पाहणे किंवा नुसत्या गप्पा. दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता एकत्र बसवूनही हे जमते. पहिलीतले मूल चित्र काढते, चौथीतले गोष्टीत न आलेला संवाद लिहिते. प्रमाण मराठीचा अडसर येतो तिथे संवाद अहिराणीत किंवा वऱ्हाडीत बोलून दाखवले, की वर्ग जागा होतो.

अडचणी

मुले गोष्टीच्या निमित्ताने घरचे सांगू लागतात, कधी नको तितके. ‘तुझ्याही घरी असं होतं का?’ हा प्रश्न म्हणूनच भर वर्गात टाळावा. पात्राविषयी बोलता बोलता स्वतःविषयी बोलण्याची, किंवा न बोलण्याची, सोय मुलाला असली पाहिजे. लैंगिक अत्याचाराची शंका येईल असे काही बोलण्यात आले, तर ते कळवणे पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याने (२०१२) बंधनकारक आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ शिक्षकाला तोंडपाठ असावी.

मृत्यू, दारू, घटस्फोट यांवरच्या गोष्टींना काही पालक हरकत घेतात. उलट टोकाला, वास्तव म्हणजे दुःखच असे समजून एकापाठोपाठ एक रडकी पुस्तके निवडणारे उत्साही शिक्षकही असतात. शाळेची सहल रद्द होणे हेही वास्तवच आहे, आणि पहिलीच्या मुलाला ते पुरेसे मोठे असते.

मोठी अडचण पुस्तकांची. मराठीतल्या अनेक चित्रकथा शहरातल्या सदनिकेत घडतात, जिथे मुलाला स्वतःची खोली असते. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर उसाच्या फडावर जाणाऱ्या आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतणाऱ्या मुलाला त्यात आरसा सापडत नाही. प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतल्या चित्रकथा विनामूल्य वाचता आणि छापता येतात. तरीही पुरे पडत नाही, तेव्हा वर्ग आपले पुस्तक आपणच करतो. मूल कोपी (ऊसतोड कामगारांची तात्पुरती झोपडी), कोयता, ट्रॅक्टरची रात्रीची वाट सांगते, शिक्षक ते त्याच्याच शब्दांत उतरवतात, इतर मुले चित्रे काढतात. मधोमध दोऱ्याने शिवलेले ते पुस्तक वाचनपेटीत छापील पुस्तकांशेजारी ठेवले जाते, आणि बहुतेकदा तेच सगळ्यांत आधी फाटते.