आयोनाचा संगमरवर आणि दुकानातला ‘ग्रीन मार्बल’

स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयोना नावाचं चिमुकलं बेट आहे. इसवी सन 563 मध्ये आयर्लंडचे ख्रिस्ती संत कोलंबा तिथे आले आणि त्यांनी मठ स्थापला, म्हणून ते प्रसिद्ध. त्याच्या आग्नेय किनाऱ्यावर संगमरवराची एक बंद पडलेली खाण आहे. दगड पांढरा, त्यात पिवळसर हिरव्या रेघा. आपल्याकडे फरशीच्या दुकानात ‘ग्रीन मार्बल’ म्हणून मिळणारा गडद हिरवा दगड मुख्यतः राजस्थानातल्या ऋषभदेव-केसरियाजी भागातून येतो. दोन्हींतला हिरवा रंग सर्पेंटाइन या खनिजाचा, त्यामुळे दोन्ही एकाच जातीचे वाटतात. या दोघांत खरा संगमरवर मात्र फक्त आयोनाचा.

आयोनाचा दगड मुळात कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीसारखा गाळ. त्यात थोडी सिलिकाही मिसळलेली होती. जमिनीत खोल गाडला जाऊन तो तापला, दाबला गेला, आणि कार्बोनेटचे कण नव्याने स्फटिक होऊन एकमेकांत घट्ट बसले. हाच संगमरवर. त्याच उष्णतेत गाळातलं मॅग्नेशियम आणि सिलिका मिळून ऑलिव्हिन नावाचं खनिज तयार झालं. पुढे पाणी शिरलं आणि ऑलिव्हिनचं सर्पेंटाइन झालं.

ऋषभदेवच्या दगडात शेवटची पायरी तीच, सुरुवात मात्र अगदी वेगळी. तिथे गाळ नव्हताच. ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन या खनिजांनी भरलेल्या, मॅग्नेशियमयुक्त काळ्या खडकात पाणी मुरलं आणि जवळजवळ अख्खा खडकच सर्पेंटाइनचा झाला. त्याचं शास्त्रीय नाव सर्पेंटिनाइट. त्यातल्या पांढऱ्या शिरा कार्बोनेटच्या असतात, आणि फसगत होते ती त्यांच्यामुळेच. कार्बोनेटवर आम्लाने फेस येतो, म्हणून ओळख पटवताना आम्लाचा थेंब शिरेवर टाकू नये, हिरव्या भागावर टाकावा. तिथे फेस येत नाही. आयोनाच्या पांढऱ्या भागावर मात्र फेस येतो, फक्त डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेलं कार्बोनेट) जास्त असेल तर आधी थोडी भुकटी करावी लागते. लोहचुंबकही उपयोगी पडतो: सर्पेंटाइन बनताना सुटलेल्या लोहाचं मॅग्नेटाइट होतं, आणि दोऱ्याला बांधलेला छोटा चुंबक बऱ्याचदा त्याच्याकडे झुकतो.

आयोनाच्या दगडाची कथा मला जास्त जवळची वाटते. अठराव्या शतकातल्या प्रवाशांनी लिहून ठेवलंय की मठातल्या संगमरवरी वेदीचे तुकडे लोक फोडून नेत. तुकडा जवळ असला की जहाज बुडत नाही, अशी समजूत होती. त्याच शतकाच्या अखेरीस खाणीत काम झालं, मग थांबलं. 1907 च्या सुमारास पुन्हा सुरू झालं आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात कायमचं बंद पडलं. दगडाचा पट्टा अरुंद, आणि प्रत्येक ठोकळा खवळत्या समुद्रातून बोटीने न्यायचा. गॅसवर चालणारं इंजिन आणि दगड कापायची यंत्रं अजून तिथेच गंजत आहेत. जागेला संरक्षित स्मारकाचा दर्जा आहे. मठात आज दिसणारं वेदीचं टेबलही आयोनाच्याच संगमरवराचं आहे.

घर बांधणाऱ्याला या फरकाची झळ बसते ती फरशी बसवताना. सर्पेंटिनाइटची पातळ टाइल ओल्या सिमेंटवर टाकली की खालची बाजू पाणी पिते आणि टाइलच्या कडा उचलल्या जातात. म्हणून तिला पाणी नसलेलं इपॉक्सी चिकटद्रव्य लागतं. लिंबाच्या रसाने मात्र तिच्या हिरव्या भागाला खऱ्या संगमरवरासारखे डाग पडत नाहीत. आणखी एक गोष्ट मिस्त्रीला आवर्जून सांगावी: ऋषभदेवच्या परिसरात ॲस्बेस्टॉसच्या, म्हणजे फुफ्फुसांना घातक अशा तंतुमय खनिजाच्याही खाणी होत्या, आणि त्याचा एक प्रकार सर्पेंटाइनच्याच कुळातला. हा दगड कोरडा कापू नये. कटरवर पाणी सोडूनच कापावा, तोंडावर चांगला मास्क असावा.