डिलिरियम की स्मृतिभ्रंश?

खुब्याचे हाड मोडल्यामुळे शस्त्रक्रिया झालेले गोव्यातील पेडण्याकडचे एखादे आजोबा दुसऱ्या रात्री सलाईनची नळी ओढू लागतात, छतावर मुंग्या चालताना दिसतात म्हणून सांगतात आणि मुलालाच "तू कोण?" असे विचारतात, तेव्हा घरची माणसे "वय झाले, आता विसरणारच" अशी मनाची समजूत घालून घेतात. ही समजूत बहुधा चुकीची असते. चार दिवसांपूर्वीपर्यंत बाजारहाट करणाऱ्या माणसाला दोन रात्रींत स्मृतिभ्रंश होत नाही. त्याला झालेला असतो तो डिलिरियम, म्हणजे शरीरातील दुसऱ्या एखाद्या बिघाडामुळे मेंदूच्या कामात अचानक आलेला अडथळा.

स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो आणि त्यात सुरुवातीला स्मरणशक्ती ढासळली तरी समोरच्याच्या बोलण्याकडे लक्ष बऱ्यापैकी राहते. डिलिरियम काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत उद्भवतो, त्यात सर्वप्रथम लक्षच उडते, आणि सकाळी नीट बोलणारा रुग्ण संध्याकाळी बरळू लागतो. हा चढउतार महत्त्वाची खूण असला तरी ल्युई बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशातही तो दिसतो, त्यामुळे केवळ त्यावरून निदान होत नाही. शिवाय दोन्ही एकत्र असू शकतात. किंबहुना ज्याला आधीपासून स्मृतिभ्रंश आहे, त्यालाच रुग्णालयात डिलिरियम होण्याचा धोका फार मोठा असतो. म्हणून "ते आधीपासूनच विसरतात" या उत्तरावर न थांबता गेल्या आठवड्यापेक्षा आज काय बदलले, हे विचारावे लागते, आणि त्याचे उत्तर डॉक्टरांपेक्षा उशाशी बसलेल्या सुनेला किंवा मुलाला अधिक ठाऊक असते.

आरडाओरडा करणारा रुग्ण निदान सर्वांच्या नजरेत तरी येतो. खरा घात होतो तो गप्प पडून राहणाऱ्याचा: हाक मारली की अर्धवट डोळे उघडणारा, पेजेचा घोट तोंडात तसाच धरून ठेवणारा रुग्ण "शांत झोपला आहे" म्हणून सोडून दिला जातो.

डिलिरियम ओळखण्यासाठी फोर-एटी (4AT) नावाची दोन मिनिटांची चाचणी आहे. तीत रुग्ण कितपत जागा व सावध आहे ते पाहतात. वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष विचारतात. वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला लावतात. आणि हा बदल अचानक झाला का, याची नोंद घेतात. एकूण गुण 4 किंवा त्याहून अधिक आले तर डिलिरियमची शक्यता धरून कारणाचा शोध सुरू करायचा असतो.

कारण शोधणे हाच उपचाराचा गाभा आहे. मूत्रमार्गाचा किंवा फुप्फुसाचा संसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, न सांगितलेली वेदना, नव्याने सुरू केलेली झोपेची किंवा सर्दीची गोळी, यांपैकी अनेक कारणे एकदमच सापडतात. गोव्यात आणखी एक गोष्ट उघडपणे बोलायला हवी. रोज फेणी घेणाऱ्याची दारू रुग्णालयात अचानक सुटली की साधारण दोन ते चार दिवसांत जीवघेणा डिलिरियम होऊ शकतो. तिथे बेंझोडायझेपिन गटातील (मेंदूला शांत करणारी, झोप आणणारी) औषधे आवश्यक ठरतात, तर इतर बहुतेक रुग्णांत तीच औषधे डिलिरियम वाढवतात. लाजेपोटी ही सवय लपवली तर डॉक्टरांचा अंदाज चुकतो. हॅलोपेरिडॉलसारखे, भ्रम व अस्वस्थता आवरणारे औषध रुग्ण स्वतःला किंवा इतरांना इजा करील अशी भीती असेल तेव्हाच, अल्प मात्रेत आणि थोडे दिवस देतात. पार्किन्सन किंवा ल्युई बॉडी विकार असलेल्यांना ते टाळतात. हातपाय बांधल्याने तर गोंधळ वाढतोच.

प्रतिबंधाची बाजू मात्र भक्कम आहे. 1999 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सत्तर वर्षे व त्यावरील 852 रुग्ण होते. पुरेसे पाणी, रात्रीची झोप, लवकर चालवणे, चष्मा व श्रवणयंत्र, वेळ-ठिकाणाची आठवण करून देणे, एवढ्यावर डिलिरियमचे प्रमाण नेहमीची शुश्रूषा मिळालेल्या रुग्णांतील 15 टक्क्यांच्या तुलनेत 9.9 टक्के राहिले. परंतु एकदा तो झाल्यावर याच उपायांनी त्याची तीव्रता कमी झाली नाही. म्हणून घरी कपाटात राहिलेला चष्मा पहिल्याच दिवशी आणावा, आणि मराठी वा कोंकणीत रोजचा वार, गाव, घरची खबर सांगत राहावे.

स्मृतिभ्रंशाची शुश्रूषा याउलट घरी आणि दीर्घकाळ चालते. गोव्यातच झालेल्या व 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घरी जाऊन आधार दिल्याने काळजी घेणाऱ्या नातेवाइकांचे मानसिक स्वास्थ्य सुधारल्याचे दिसले. डिलिरियम ओसरायला कधी कधी कित्येक आठवडे लागतात, तेव्हा स्मरणशक्तीची तपासणी रुग्णालयातच उरकून स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारू नये. रुग्ण घरी स्थिरावल्यानंतर काही महिन्यांनी ती करून घ्यावी.