क्रीडा-व्यक्तिचित्र (खानदेश)

क्रीडा-व्यक्तिचित्र : कीर्तिमान खेळाडूचा स्वभाव, त्याची घडण, खेळ आणि खेळाबाहेरचे जगणे एका दीर्घ लेखात उभे करणारा नियतकालिकांतील गद्यप्रकार. ‘शब्दचित्र’ व ‘प्रोफाइल’ हे शब्दही त्यासाठी रूढ आहेत. मुलाखत, गौरवलेख आणि मृत्युलेख हे त्याचे शेजारी. खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे, जळगाव व नंदुरबार जिल्ह्यांत, सत्कार-स्मरणिकेतला गौरवलेखच बहुधा व्यक्तिचित्र म्हणून छापला जातो. प्रस्तुत नोंदीत या प्रदेशाच्या अनुषंगाने उत्तम व्यक्तिचित्राची लक्षणे पाहिली आहेत.

उगमाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार हा प्रकार अमेरिकी नियतकालिकांचा असून, 1925 मध्ये सुरू झालेल्या ‘द न्यू यॉर्कर’ने ‘प्रोफाइल’ हे नाव रुळवले. दुसरे मत त्याचा धागा पोवाडा व बखरीशी जोडते. ते आकर्षक असले तरी पोवाड्याचा नायक लढवय्या असतो, खेळाडू नव्हे. तिसरे मत मुंबईच्या ‘ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन’कडे बोट दाखवते. हे नियतकालिक 1828 ते 1833 या काळात निघाले आणि 1873 मध्ये लंडनमध्ये पुन्हा छापले गेले. त्यातील ‘स्पोर्ट’ म्हणजे मुख्यतः घोड्यावरून भाल्याने केलेली रानडुकराची शिकार आणि घोड्यांच्या शर्यती. याच सुमारास खानदेशात ब्रिटिश लष्करी अधिकारी जेम्स औट्रम भिल्ल पलटणीची (1825) उभारणी करीत होता आणि शिकारी म्हणून त्याची ख्याती पसरत होती. त्यामुळे खानदेशाला या प्रकाराच्या जन्मकथेत जागा द्यावी, असे काहींना वाटते. तथापि शिकारलेखनात पराक्रम दिसतो, माणूस क्वचितच दिसतो. त्यामुळे आजच्या अर्थाच्या व्यक्तिचित्राचा उगम विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात मानणे अधिक सयुक्तिक ठरते. शिकारलेखनाने मागे ठेवली ती आकड्यांची हौस.

या हौसेचा नमुना म्हणून औट्रमचेच उदाहरण घेता येते. 1825 ते 1834 या काळात 235 वाघ मारले गेल्याची यादी त्याच्या इंग्रजी चरित्रात आहे. ती सबंध शिकारी टोळीची आहे. त्यांपैकी 44 वाघ त्याच्या गैरहजेरीत पडले आणि 191 वाघांच्या वेळी तो स्वतः हजर होता. हजर असणे आणि मारणे यांतही अंतर आहेच. ऐकीव कथेत मात्र टोळी गळते आणि सगळे वाघ एका बंदुकीच्या नावावर जमा होतात. मल्लांच्या बाबतीत हेच घडते. विख्यात मल्ल गामाने 1902 मध्ये बडोद्यात सुमारे 1200 किलोंचा दगड उचलल्याचे सांगितले जाते. तो दगड तेथील संग्रहालयात आहे. जमिनीवरून वजन उचलण्याचा आजचा जागतिक विक्रम 500 किलोंच्या थोडा वर आहे, हे ध्यानात घेता ‘उचलला’ या क्रियापदाकडे सावधपणे पाहावे लागते. गामाच्या जन्मवर्षाबाबतही 1878, 1880 आणि 1882 असे पर्याय आढळतात. याउलट लंडनमधील पोलिश मल्ल स्टानिस्लाउस झ्बिश्कोबरोबरची 10 सप्टेंबर 1910 ची कुस्ती सुमारे अडीच तास चालून बरोबरीत सुटली, आणि 17 तारखेला पुन्हा जोड ठरली असता झ्बिश्को आलाच नाही, हा भाग वृत्तपत्रीय नोंदींमुळे पक्का आहे. अशा दंतकथा पारखून घेणे हे उत्तम व्यक्तिचित्राचे पहिले लक्षण. चांगला लेखक दगडाची कथा गाळत नाही. ती कोणी सांगितली, केव्हापासून सांगितली जाते आणि मोजणारा कोण होता, हे तो शोधतो. दंतकथा हीही त्या माणसाच्या आयुष्यातली एक वस्तुस्थिती असते.

प्रत्यक्ष निरीक्षण हे दुसरे लक्षण. या संदर्भात दोन अमेरिकी लेख नेहमी पुढे केले जातात. बेसबॉलपटू टेड विल्यम्सच्या 28 सप्टेंबर 1960 च्या अखेरच्या घरच्या सामन्यावर जॉन अपडाइकने लिहिलेला लेख प्रेक्षकांत बसून लिहिलेला आहे. शेवटच्या फटक्याला होमरन (क्रिकेटमधील षटकारासारखा फटका), आणि टाळ्यांचा कडकडाट चालू असताना विल्यम्सने अभिवादनासाठी टोपीला हातही न लावणे, एवढ्यावर तो तोललेला आहे. गे टलीझने 1966 मध्ये ‘एस्क्वायर’मध्ये रंगवलेला बेसबॉलपटू जो डिमॅजिओ निवृत्त, अबोल आणि लोकांपासून अंग चोरणारा आहे. नायक बोलत नसला तरी चित्र उभे राहते, हे दोन्ही लेखांतून दिसते. उलट भरपूर बोलणाऱ्या नायकाची ध्वनिफीत उतरवून काढलेले लेख लवकर विटतात.

मराठीत खेळाला दैनिकात स्वतंत्र पान मिळवून देण्याचे श्रेय सामान्यतः ‘महाराष्ट्र टाइम्स’च्या (स्थापना 1962) वि. वि. करमरकरांना दिले जाते. संदीप पाटील यांच्या संपादनाखालील ‘एकच षटकार’ या क्रीडा-नियतकालिकाने पुढे क्रिकेटपटूंना घराघरांत नेले. दोन्हींचे केंद्र मुंबई होते.

खानदेशातील दंतकथा मुख्यतः कुस्तीच्या. गावोगावच्या यात्रांत कुस्त्यांची दंगल होते. नारळाच्या कुस्तीने सुरुवात, मग चढत्या इनामाच्या जोडी आणि शेवटी मानाची निकाली कुस्ती, असा क्रम सर्वसाधारणपणे असतो. लिखित साधन म्हणजे दंगलीचे हस्तपत्रक. त्यावर जोडी आणि इनाम छापलेले असते, निकाल नसतो, कारण ते आधी छापतात! निकाल लोकांच्या तोंडी राहतो आणि पाचदहा वर्षांत बरोबरीत सुटलेली कुस्ती चितपट होऊन बसते.

चाळीसगाव तालुक्यातील सायगावचे विजय चौधरी हे या प्रदेशाचे अलीकडच्या काळातील सर्वांत ठळक नाव. 2014, 2015 आणि 2016 असा सलग तीनदा ‘महाराष्ट्र केसरी’ किताब त्यांनी मिळवला. त्याआधी नरसिंग यादव यांनी 2011 ते 2013 या काळात तसेच केले होते. वर्षांबाबत एक बारीक घोटाळा संभवतो. 2015 चा किताब ठरवणारी नागपूरची स्पर्धा जानेवारी 2016 मध्ये झाली आणि 2016 ची पुण्याची डिसेंबरात; म्हणजे दोन किताब एकाच कॅलेंडर वर्षात पडतात. नुसती इसवी सने उतरवणाऱ्या लेखात ही दाट वीण हरवते. वस्तुतः व्यक्तिचित्राला खरे खाद्य तिथेच आहे. अकरा महिन्यांच्या अंतराने शरीर पुन्हा तयार करायचे म्हणजे खुराक, दुखापती, जोर-बैठका, तालमीसाठी गाव सोडणे आणि त्या खर्चाची घरातली तजवीज.

भाषेचा प्रश्न वेगळा नोंदवणे आवश्यक आहे. मल्लाचे वडील अहिराणीत ‘मना आंडोर’ म्हणतात, लेखात ते ‘माझा मुलगा’ होते, आणि त्याबरोबर घरच निघून जाते. जळगावच्या पूर्वेकडे लेवा गणबोली, सातपुड्यात भिल्ली व पावरी. सबंध लेख बोलीत लिहावा, असा आग्रह काही लेखक धरतात. दुसरा पक्ष निवेदन प्रमाण मराठीत ठेवून उद्गार तेवढे जसेच्या तसे ठेवतो. दुसरी पद्धत वाचकाला सोयीची आणि बोलणाऱ्याशीही प्रामाणिक राहते. मात्र विनोदासाठी बोली आणि गांभीर्यासाठी प्रमाणभाषा अशी वाटणी करणे हा दोषच होय.

क्रिकेट, बुद्धिबळ व मैदानी खेळांतील खानदेशी खेळाडूंविषयीचे लेखन बातमी आणि सत्कारवृत्त यांपुढे फारसे गेलेले नाही. मुली व स्त्रियांच्या कुस्तीविषयीही हेच. सातपुड्याच्या पाड्यांवरून आलेल्या धावपटूंचे लेख बहुधा अनवाणी धावण्यापाशी सुरू होतात आणि पदकापाशी संपतात. मधली वसतिगृहाची वर्षे त्यांत नसतात.