नागमोडी हात, सरळ हात: फ्रीस्टाइलमधल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

"हात एसमध्ये ओढ" (म्हणजे इंग्रजी एस अक्षरासारखा, नागमोडी) ही सूचना ज्यांनी 1980-90 च्या दशकांत टँकवर ऐकली, त्यांच्या मुलांना आज नेमकं उलट सांगितलं जातं: कोपर वर ठेव, पंजा खाली पाड आणि सरळ मागे दाब. दोन्ही सूचनांचं कारण एकच दिलं जातं. कमी दमात जास्त अंतर. मग मधल्या काळात पाणी बदललं की काय?

पाणी तेच आहे. बदललं ते हाताच्या वाटेचं स्पष्टीकरण.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. 1844 मध्ये उत्तर अमेरिकेतले मूलनिवासी पोहणारे लंडनला आले आणि दोन्ही हात आळीपाळीने पाण्याबाहेर काढत शर्यत पोहले. ब्रेस्टस्ट्रोकची सवय असलेल्या इंग्रजांना तो नुसता धसमुसळेपणा वाटला. 1870 च्या दशकात दक्षिण अमेरिकेत राहून आलेल्या एका इंग्रजाने हात तसे उचलले, पण पायांची कात्री सोडली नाही. शतक पालटताना सिडनीत, सॉलोमन बेटांवरून आलेल्या एका मुलाचं पोहणं पाहून पायांचे वर-खाली ठोके रुजले. 1922 मध्ये 100 मीटर पहिल्यांदा एका मिनिटाच्या आत पोहून झालं. पाण्याखालचा हात मात्र शिकवला जायचा तो वल्ह्याच्या उपमेने: सरळ पुढून सरळ मागे.

1960 च्या दशकात अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या एका विद्यापीठाच्या प्रशिक्षकाने ही उपमा मोडली. त्याने आपल्या जलतरणपटूंचे हात पाण्याखाली चित्रित केले आणि त्याला दिसलं की जे सर्वांत वेगवान आहेत, त्यांचा हात सरळ जातच नाही. तो आधी बाहेर, मग पोटाखाली आत, मग पुन्हा मांडीकडे बाहेर असा वळणं घेत जातो. यावर त्याने दिलेलं पहिलं स्पष्टीकरण साधं होतं. एकदा मागे ढकललेलं पाणी आधीच चालू लागलेलं असतं, त्यावर पुन्हा जोर देऊन फारसं काही मिळत नाही. म्हणून हात वाट बदलून शांत पाणी शोधतो.

गोष्ट इथे थांबली असती तर बरं झालं असतं.

1971 मध्ये त्याने सहकाऱ्यासह दुसरं स्पष्टीकरण मांडलं. काळोख केलेल्या तलावात हातांवर लुकलुकते दिवे लावून फोटो घेतले होते. त्यांत हाताची वाट शरीराच्या संदर्भात न दिसता तलावाच्या संदर्भात दिसत होती, आणि तसं पाहिलं तर हात जवळजवळ मागे सरकतच नव्हता. जिथे पाण्यात शिरला, तिथेच आसपास तो बाहेर निघत होता. त्यावरून निष्कर्ष निघाला की हात वल्हं नाही, जहाजाचा पंखा आहे. पंजा आडवा फिरतो, विमानाच्या पंखाला मिळते तशी उचल त्याला मिळते, आणि ती उचल शरीराला पुढे नेते.

निरीक्षण पक्कं होतं, निष्कर्ष घाईचा. त्या प्रशिक्षकाचे विद्यार्थी ऑलिम्पिकमध्ये पदकं लुटत होते, त्यामुळे निष्कर्षही निरीक्षणाइतकाच पक्का मानला गेला. पुढची जवळपास 2 दशकं पाठ्यपुस्तकांत आणि प्रशिक्षकांच्या शिबिरांत पाण्याखालच्या हाताची आकृती म्हणजे इंग्रजी एस अक्षर, असं समीकरण होऊन बसलं. आपल्याकडेही ते तसंच्या तसं आलं. मुलं मुद्दाम हात वळवू लागली. ज्यांचा हात आपसूक वळत होता त्यांचं काही बिघडलं नाही. ज्यांनी तो ओढूनताणून वळवला, त्यांचे खांदे दुखले आणि जोर बाजूला वाया गेला.

1990 च्या दशकात शंका उघडपणे मांडल्या जाऊ लागल्या. पंखावरचा प्रवाह पृष्ठभागाला चिकटून वाहावा लागतो; पोहणाऱ्याच्या हातामागे मात्र पाणी फाटून भोवरे होतात. शिवाय हात एका गतीने जात नाही. तो क्षणाक्षणाला वेग आणि कोन बदलतो. 2002 च्या सुमारास हातावर धाग्यांचे तुकडे लावून पाहिलं, तेव्हा पाणी हाताच्या लांबीने बोटांच्या टोकांकडेही वाहताना दिसलं. पंखाच्या हिशेबात ही दिशा कुठेच बसत नव्हती. 2012 मध्ये एका अमेरिकी विद्यापीठाने संगणकावर दोन्ही शैली ताडून पाहिल्या. खोल, सरळ ओढ सरस ठरली. मात्र त्याच हिशेबात सरळ ओढीतही उचलीचा वाटा बराच निघाला. म्हणजे जुना सिद्धान्त पार खोटा नव्हता. त्यातून काढलेली सूचना चुकीची होती. सरळ ओढीतही उचल असते, हे बातम्यांत सहसा गाळलं गेलं.

मग ते वळण आलं कुठून? मोठा भाग शरीराच्या फिरण्यातून. फ्रीस्टाइलमध्ये धड डावी-उजवीकडे कलतं, कोपर वाकतं, आणि सरळ मागे दाबणारा हातही कॅमेऱ्यात नागमोडी दिसतो. परिणाम होता, त्याला कृती समजून शिकवलं गेलं.

एसचा जोर ओसरत होता तेव्हा दुसऱ्या मापाने जागा घेतली. 1979 च्या एका अभ्यासाने वेग म्हणजे दर मिनिटाला मारलेले हात गुणिले दर हाताला कापलेलं अंतर, अशी फोड करून तिची मोजदाद केली. पुढे अमेरिकेच्या 1976 आणि 1984 च्या ऑलिम्पिक निवड स्पर्धांची तुलना झाली, तेव्हा वाढलेला वेग बऱ्याच शर्यतींत दर हाताला जास्त अंतर कापल्यामुळे आल्याचं दिसलं. यातून "हात कमी मारा" हा मंत्र निघाला, आणि 1990 च्या दशकात प्रौढांना पोहणं शिकवणाऱ्यांनी तो घरोघरी नेला. पाण्याशी भांडू नका, लांब व्हा, घसरत जा. नवशिक्यांना याचा खरोखर फायदा झाला. मान वर काढून धापा टाकणाऱ्याचं शरीर आडवं झालं की निम्मं काम होतं, कारण पाण्याचा विरोध वेगाच्या साधारण वर्गाने वाढतो आणि लोंबकळते पाय त्यात आणखी भर घालतात.

पण गुणाकारातला एकच आकडा वाढवायचा ठरवलं की दुसरा पडतो. हात पुढे लांबवून वाट पाहणाऱ्याचा वेग त्या क्षणी ढासळतो आणि पुढच्या हाताला तो पुन्हा उभा करावा लागतो. 2000 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी एका हाताचा जोर संपणं आणि दुसऱ्याचा सुरू होणं यांमधली वेळेची फट मोजायची पद्धत दिली. वेग वाढतो तशी उत्तम पोहणाऱ्यांची ही फट मिटत जाते. 50 मीटरच्या धावपळीत तर दोन्ही हातांचा जोर एकमेकांवर चढतो. 1500 मीटरला जी फट परवडते ती तिथे परवडत नाही. त्यामुळे "कार्यक्षम स्ट्रोक" असं एकवचनात बोलणंच मला खटकतं.

आता हा वाद मनगटावर आला आहे. घड्याळं तलावाच्या एका लांबीला लागलेले हात आणि सेकंद यांची बेरीज दाखवतात. कमी तितकी चांगली. 25 मीटर 18 हातांत आणि 30 सेकंदांत पोहणाऱ्याचे 48 होतात, 22 हातांत आणि 25 सेकंदांत पोहणाऱ्याचे 47. गुण जवळजवळ सारखे, पण दुसरा पहिल्याच्या 5 सेकंद आधी कठड्याला लागलेला असतो. त्यातही अनेक घड्याळं ज्या हातावर बांधली त्याच हाताचे स्ट्रोक मोजतात, तर मित्र दोन्ही हात मोजून आकडा सांगतो. भिंतीवरून लांब रेटा दिला तरी आकडा उतरतो, हात होता तसाच राहतो.