‘केस मिटली’: दंड भरून की तडजोडीत?

तालुका कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर एक वाक्य रोज कानावर पडतं: "मिटली बाबा एकदाची केस." सांगणाऱ्याचा चेहरा मोकळा झालेला असतो. पुढे चार-पाच वर्षांनी त्याच्या हातात भरतीचा साक्षांकन नमुना, म्हणजे पूर्वेतिहास विचारणारा अर्ज, पडतो. त्यात ‘न्यायालयाने आपणास कधी दोषी ठरवले आहे काय?’ असा रकाना असतो आणि तो बिनधास्त ‘नाही’ लिहितो. केस तर मिटली होती ना!

पण केस मिटते दोन तऱ्हांनी, आणि नोकरीच्या अर्जात दोन्हींचं उत्तर एक नसतं.

समजा, एकाच गावातले दोघे. पहिला पोळ्याच्या दिवशी शेतातल्या शेडमध्ये तीन पत्ती खेळताना छाप्यात सापडला. जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा, मग वर्ष-दीड वर्ष नुसत्या तारखा. शेवटी लोकअदालतीच्या दिवशी कुणीतरी कानात सांगितलं, "कबूल कर, पाचशे भर, मोकळा हो." साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे? "हो साहेब." दंडाची पावती खिशात घालून गडी जेवायच्या वेळेआधी घरी.

दुसऱ्यानं बांधाच्या भांडणात चुलतभावाचा हात मोडला. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३२५. वडीलधारी मंडळी मध्ये पडली, दोघांनी मिळून तडजोडीची पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन, दिली, कोर्टानं परवानगी दिली आणि तोही सुटला.

यातला कागदावर दोषी कोण? पत्ते खेळणारा. गुन्हा कबूल केला म्हणजे कोर्ट आधी दोषी ठरवतं आणि मग शिक्षा देतं. दंड हीसुद्धा शिक्षाच. तुरुंग पाहिला नाही म्हणून ती शिक्षा नव्हे, असं होत नाही. हात मोडणारा मात्र निर्दोष. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० प्रमाणे (१ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५९) तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेचाच असतो. ऐकायला उफराटं वाटतं, पण आहे हे असं. तडजोड फक्त कायद्यानं त्यासाठी ठरवून दिलेल्या कलमांत होते. जुगारात ती करणार तरी कुणाशी? तिथे फिर्यादी सरकारच.

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांचं असंच होतं. हेल्मेटचं ई-चलान मोबाईलवर भरलं तर ती तडजोड रक्कम असते, कोर्टाचा दंड नव्हे. पण दारू पिऊन चालवण्याचं, मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागलं की प्रकरण कोर्टात जातं, आणि तिथे कबुली देऊन भरलेले दहा हजार म्हणजे दोषसिद्धी. लोक दोन्हींना ‘फाईन भरला’ म्हणतात.

आपलं कुठलं ते आठवणीवर सोडू नका. ज्या कोर्टात केस होती तिथे अर्ज करून निकालाची नक्कल काढा आणि शेवटचा परिच्छेद वाचा. ‘दोषी ठरविण्यात येते’ की ‘निर्दोष मुक्त करण्यात येते’, एवढंच पाहायचं. प्रत्येक केसला मिळणारा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक हाताशी असेल तर ई-कोर्टच्या साइटवरही केसची स्थिती दिसते. ती तुम्हाला दिसते तशी पडताळणी करणाऱ्या एजन्सीलाही दिसते, हे लक्षात असू द्या.

आता दुसऱ्यानंही सुटकेचा श्वास टाकू नये. केंद्र सरकारचा साक्षांकन नमुना पाहा. त्यात ‘कधी अटक झाली का’, ‘खटला चालला का’, ‘हमीपत्रावर बांधून घेतलं का’, ‘कोर्टानं दंड केला का’, ‘दोषी ठरवलं का’ असे वेगवेगळे प्रश्न आहेत. हमीपत्र म्हणजे आपल्याकडची चॅप्टर केस, शांततेनं वागण्याची हमी लिहून घेतात ती. हात मोडणाऱ्याचं ‘दोषी?’ पुढचं उत्तर ‘नाही’ हे खरं, पण ‘खटला?’ पुढचं ‘होय’ आहे. तिथे ‘नाही’ लिहिलं तर निर्दोष माणूस माहिती दडवणारा ठरतो. बहुतेक पोरं इथेच फसतात, दोष असल्यामुळे नव्हे.

सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात याचे नियम घालून दिले. प्रश्न नेमका विचारलेला असला पाहिजे, आणि उमेदवाराला ती गोष्ट माहीत असली पाहिजे. तरुण वयात घोषणा दिल्यासारखी क्षुल्लक बाब असेल तर लपवाछपवीकडेही काणाडोळा करता येतो. पण खरं सांगितलं म्हणून नोकरी मिळालीच पाहिजे असंही नाही. पूर्वेतिहास तपासण्याचा हक्क मालकाकडे राहतो. त्याआधी २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या भरतीतल्या संदीप कुमारला, कलम ३२५ च्याच तडजोड झालेल्या केसमध्ये, न्यायालयानं तरुणपणची चूक म्हणून सांभाळून घेतलं होतं. उलट २०२१ मध्ये राजस्थानच्या वीज प्रसारण कंपनीच्या प्रकरणात किरकोळ मारहाणीची दोषसिद्धी लपवलेल्याची नोकरी गेली ती गेलीच. त्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं होतं, तरीही. अशा सुटकेनं, म्हणजे परिवीक्षेनं (प्रोबेशन), शिक्षा टळते, दोषसिद्धी पुसली जात नाही. त्यातही न्यायालयानं बोट ठेवलं ते लपवण्यावर.

अठरा वर्षांखालच्यांची गोष्ट वेगळी. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम २४ प्रमाणे त्या वयातल्या प्रकरणामुळे अपात्रता येत नाही. अपवाद फक्त सोळा ते अठरा वयात घोर गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून खटला चाललेल्यांचा.

खासगी कंपनीच्या अर्जात बहुधा एकच ओळ असते: ‘कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरला आहात का?’ तिथे हात मोडणारा खुशाल ‘नाही’ लिहू शकतो. पत्तेवाल्याला ते परवडणार नाही. त्यानं ‘होय’ वर खूण करावी आणि शेजारी जागा नसेल तर वेगळा कागद जोडावा. त्यावर कोर्टाचं नाव, केस नंबर, निकालाची तारीख, आणि एवढंच: ‘जुगार खेळल्याबद्दल कबुलीवरून ५०० रुपये दंड. दंड त्याच दिवशी भरला. निकालाची नक्कल सोबत.’